चित्राबरहुकूम ड्रेस

मी शिवणकाम करते. घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान: दोन मशिनी, एक मोठा आरसा आणि कपडे अडकवायचा पुतळा. त्या खोलीत डोकं नसलेले आम्ही दोघं आहोत, हे पुढे कळेलच.

मुलाने फोनमध्ये ते चित्रं काढणारं एआय घालून दिलं आणि माझं कामातलं लक्षच उडालं. आपण नुसतं सांगायचं, ते काढतं. मी ढगांचा कोट घातलेला जिराफ काढून घेतला. शिवणाच्या मशीनवर बसून समुद्र ओलांडणारी मी काढून घेतली. त्यात माझी कंबर इतकी बारीक होती की मी आठवडाभर तेच चित्र उघडून बसत होते. एका गिऱ्हाइकाची पँट तशीच पडून राहिली नि तो बिचारा दोनदा हात हलवत परत गेला. पण एआय माझ्यावर खूश. काहीही सांगा, आधी म्हणणार, "वा, काय सुंदर कल्पना आहे!" इतकं हरभऱ्याच्या झाडावर मला लग्न ठरतानासुद्धा कुणी चढवलं नव्हतं.

आमच्या ह्यांना जिराफ दाखवला तर म्हणाले, "याला पाय पाच आहेत." मुलाने मान वर करून पाहिलंही नाही. राहिली सूनबाई. ती म्हणायची, "छान आहे, आई."

खरं दुखणं इथेच होतं. सूनबाई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. पोरगी गुणी, पण लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरात पाहुण्यासारखी वावरत होती. भाजी कशी झालीय? छान. खोलीत उकडत नाही ना? छान आहे. भांडायची म्हणून सोय नाही. ती इतकी चांगली वागते याचं मला वाईट वाटायचं, आणि हे कुणाला सांगायचीही चोरी. तिने एकदा तरी आपणहून हक्काने काही मागावं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि तिने मागितलं. दुकानाच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आई, आमच्या सगळ्या शाखांच्या लोकांसमोर मला स्टेजवर बोलायचंय. एक ड्रेस शिवून द्याल? वेळ असेल तर."

वेळ असेल तर, म्हणे. मी नवरीचे कपडे बाजूला सारले असते.

शहाण्या बाईने टेप उचलली असती. मी फोन उचलला. म्हटलं, स्टेजवर उठून दिसेल, पूर्वी कुणी पाहिला नसेल असा ड्रेस दाखव. त्याने चित्रांचा ढीग घातला. सूनबाईला विचारलं, यातला कुठला? "सगळेच छान आहेत. तुम्हाला आवडेल तो." मग मी सगळ्यात भारी निवडला. गडद निळा, डाव्या बाहीला चुण्याच चुण्या, आणि कॉलर उजव्या खांद्यावरून पट्टीसारखी उतरून काखेखाली कुठेतरी गेलेली. कुठे, ते काढणाऱ्यालाच ठाऊक, म्हणजे कुणालाच नाही.

ह्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "या बाईचा उजवा हात कुठाय?"

"मागे घेतलाय."

"बरं. आणि त्याची बाही?"

"तुम्ही जन्मभर विजेचे मीटर वाचलेत," मी म्हटलं, "तेवढेच वाचा."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गिऱ्हाइकाने चित्र आणलं की चित्राबरहुकूम शिवायचं, मध्ये आपली अक्कल घालायची नाही. या नियमावर मी नाव कमावलंय. तो अंगात इतका मुरलाय की या खेपेला चित्र आणणारीही मीच आहे, हे लक्षातच आलं नाही. चित्रात पाच बटणं होती आणि काज एकही नव्हतं. मी पाच बटणं लावली, काज केलं नाही. खिशावर खिसा होता, तोही लावला. काखेखालची पट्टी जाईना कुठे, तेव्हा बाजूच्या शिवणीत कोंबली. मग पुतळ्यावर चढवून फोटो काढला आणि एआयलाच विचारलं, जमलाय का? म्हणालं, "अप्रतिम! धाडसी आणि अनोखा!" पुतळ्याला हात नसतात, हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही.

सूनबाई तो घेऊन आत गेली. बराच वेळ नुसती धडपड ऐकू आली. मग बाहेर आली. डावीकडून राणी, उजवीकडून गाठोडं. उजवा हात आतल्या आत पोटाशी अडकलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर हातच दिसत नव्हता.

मी 'छान आहे'ची वाट पाहत उभी राहिले. तिने आरशात पाहिलं. वळून पुन्हा पाहिलं. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला होता आणि तो गदगदत होता.

"आई," ती म्हणाली, "हा ड्रेस भयंकर आहे."

आता बूच उडालं होतं. "हा घालून स्टेजवर गेले तर लोकांना वाटेल, मला कुणीतरी बांधून आणलंय. मला साधा हवा होता. तुम्ही स्वतःसाठी शिवता ना, तसा. दोन्ही हात बाहेर येतील असा. मी सांगणारच होते, पण तुम्ही फोनमधून मान वर काढाल तर ना." तिचे डोळे भरून आले. "आणि चहात एवढी साखर नका घालू हो. पहिल्या दिवसापासून कसाबसा गिळतेय मी."

मला आधी हसू फुटलं आणि हसता हसता रडूच कोसळलं. मेलं इतक्या दिवसांत कुणी माझ्या शिवणाला इतकं वाईट म्हटलं नव्हतं, आणि इतकं बरंही मला कधी वाटलं नव्हतं. ती घाबरली. "चुकलं का माझं?"

"नाही गं. बोल तू. आणखी काय काय आवडत नाही तुला या घरात, सगळं सांग."

मी तिला स्टुलावर बसवलं आणि काखेतली शिवण उसवायला घेतली. ती सुरुवातीला अडखळत बोलत होती, मग सरळ बोलायला लागली. हात मोकळा झाला तरी तिचं संपलं नव्हतं.