फोटोतले सात मासे

कुपवाडच्या कैफची गोष्ट ऐकलीत का? नाही? मग ऐकाच!

गडी आठवडाभर कारखान्यात लेथ मशीन चालवायचा आणि रविवारी गळ घेऊन थेट कवठे महांकाळकडच्या एका गावतलावावर. लहानपणी अब्बा, म्हणजे रसूलचाचा, त्याला तिथंच न्यायचे. चाचांचं मटणाचं दुकान. मेंढरं बघायला त्या गावात जाणं व्हायचं. श्रावणात ओढा वाहायला लागला की बापलेक ओढ्याच्या तोंडाशी बसायचे. मासे पाण्याविरुद्ध वर चढायचे, लय! घरी अम्मी त्यातली गाभोळी, म्हणजे माशाची अंडी, हळदमीठ लावून तव्यावर परतायची. चाचांना जाऊन चार वर्षं झाली, पण तो वास कैफच्या नाकातून काही गेला नाही.

आता मात्र तलावात मासाच नव्हता. पाच तास बसावं तेव्हा बोटाएवढा एक. आणि अशात तिथल्या पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला: पावसाळ्यात दोन महिने गळ-जाळं बंद करायचा विचार आहे, हरकती-सूचना शनिवारच्या सभेत सांगा.

कैफ पेटलाच! "अब्बांचे दिवस तेवढेच माझ्याकडं उरल्यात, आन तेच बंद?"

"सभेला जाऊन काय करतोस गड्या?" त्याचा दोस्त सिद्धू म्हणाला. "च्या पाजत्यात, सही घेत्यात. ठरवायचं ते आधीच ठरवल्यालं असतंय."

"मी पुरावा नेणार!"

पुरावा म्हणजे एक जुना फोटो. पुढचे दोन दात पडलेला कैफ, शेजारी चाचा, आणि त्यांच्या हातात दोरीत ओवलेले सात मासे.

सभेला माणसं किती? अख्ख्या गावातनं अकरा! मत्स्य खात्याच्या समीक्षा मॅडम वही उघडून बसलेल्या. कैफनं फोटो पुढं केला. "तवा बंदी नव्हती मॅडम, तरी बघा मासा! मग आता कशाला?"

फोटो फिरत फिरत हरणाबाईच्या हातात आला. मेंढरं राखण्यात केस पिकलेली बाई. तिनं फोटो लांब धरला, जवळ धरला आणि हसली.

"आरं, तू रसूलभाईचा व्हय? लय सचोटीचा मानूस. मेंढीच्या पोटाला हात लावायचा आन गाभण असली की म्हणायचा, 'ही ठेव, हरणाबाई.' गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी गाभण मेंढी न्हेली न्हाई त्यानं."

कैफ पुढं सरकून तिच्याजवळ आला.

"आन ह्यांची पोटं बघ की," हरणाबाईनं माशांवर बोट टेकवलं. "सातच्या सात गाभण."

कैफनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ह्यानं मासा सपंल, हे अब्बांना कुठं म्हाईत होतं, मावशी..."

"मला तरी कुठं? मीबी पदर भरभरून न्हेलं. पर तुला आता कळलंय न्हवं?"

"मग गळ टाकायच्या आधी माशाच्या पोटाला हात लावायचा का, मावशी?" कैफसोबत आलेल्या सिद्धूनं काडी टाकली.

"पाण्यातली गाभण मासळी तुज्या हाताला लागंल व्हय? म्हणून तर दोन म्हयनं हात मागं घ्यायचा, बाबा."

मॅडमनी वहीत बघितलं. "जून-जुलै धरलंय आम्ही. साताऱ्याकडं तसंच आहे."

सिद्धूनं कैफला कोपर मारलं. "गप बस! तुजे श्रावणाचे दिवस सुटले!"

खरंच सुटले होते! नुसतं गप्प बसायचं होतं. पण कैफची नजर त्या फोटोवरच. तो उठला.

"मॅडम, माझी हरकत खोडा, सूचना लिहा. साताऱ्याच्या घाटाकडं जूनमधी पाणी असंल. हितं ओढा श्रावणाबिगर वाहत न्हाई, मासा अंडी घालाया तवाच चढतोय. बंद करायचं तर श्रावण-भादवा करा."

मॅडमनी सगळ्यांसमोर जून-जुलैवर काट मारली! "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," म्हणाल्या. आणि बंदी श्रावणातच लागली.

त्या श्रावणातही कैफ गेलाच. गळ घरी, गाडीवर मागं पाच वर्षांची लेक रुक्सार. ओढ्याच्या तोंडाशी दोन-चार मासे वर उसळले.

"अब्बा, धरा की!"

"न्हाई बेटा," कैफ म्हणाला. "ही गाभण मासळी. ही ठेवायची."

दोस्तांनो, आपल्या लहानपणचं तळं पोरांना फोटोत दाखवायचं की पाण्यात, ते आपल्याच हातात आहे. म्हणून भिंतीवरचा कागद वाचा, सभेला जा, आणि आपल्या तोट्याचं असलं तरी खरं तेच बोला!