मेंढा पडलेला नाही

गेल्या शनिवारी नेमबाजीच्या सामन्यात अर्डिसकाकूने दोनशे मीटरवरचा शेवटचा लोखंडी मेंढा गोळीने पाडला आणि लोवेलकाकांचा सात नंबरचा बाक स्वतःच्या नावावर केला.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही. क्लबच्या समितीने तसा ठराव केलाय आणि मी ठराव मानणारा माणूस आहे. मेंढा उभा आहे. त्याच्या खांद्यावर शिशाचा ताजा डाग आहे आणि एका कुशीला वरपासून खालपर्यंत चिखल आहे, पण ते त्याचं खासगी आयुष्य झालं.

आमच्या मडी फोर्कच्या नेमबाजी क्लबात काडतुसं घरी भरतात. विकतचं काडतूस आणणाऱ्याकडे आम्ही डब्यातलं सूप वाढणाऱ्या सुनेकडे बघावं तसे बघतो. आणि मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं काडतूस घरी भरायचं म्हटलं की पहिला प्रश्न बंदुकीच्या दारूचा. चटकन पेटणारी घेतली तर चिमूटभर पुरते, काडतुसाची पितळी पुंगळी अर्ध्याहून जास्त रिकामी राहते, आणि भरणाऱ्याचं लक्ष जरा उडालं की तिच्यात दुसरी चिमूट पडते. तो बार उडाला की रिव्हॉल्व्हरचा वरचा भाग छपरात शोधायचा. म्हणून शहाणी माणसं सावकाश जळणारी, पुंगळी जवळजवळ भरून टाकणारी दारू घेतात. चुकून दोनदा ओतली तर टेबलावर सांडते आणि चूक तिथेच कळते. शिवाय तिने सुटलेली जड गोळी मेंढ्याला खरोखर ढकलते. नाहीतर नुसतं 'टण्' वाजतं आणि मेंढा आपल्याकडे बघत राहतो.

इथवर सगळ्यांचं एकमत आहे. अशी दारू आमच्याकडे दोन डब्यांत मिळते, लाल आणि निळ्या. इथून पुढे मारामारी.

क्लबचे अध्यक्ष व्हर्लिन लाल डब्याचे. निळी दारू थंडीत पेटायला कुरकुरते आणि नळीत काजळी धरते, असं त्यांचं मत. निळ्यांचा पुढारी हॉइट. लाल दारू मनगटाला चावते, असं तो सांगतो आणि मनगट दाखवतो. दोन्ही पक्षांच्या कॉफीच्या किटल्या वेगळ्या. हॉइटच्या बहिणीने लाल डब्यातल्या एकाशी लग्न केलं तेव्हा हॉइट चर्चला आला, पण पूर्ण वेळ गाडीतच बसून राहिला. आणि आमचे लोवेलकाका असे कट्टर लाल, की शवपेटीत त्यांच्या कोटाच्या खिशात लाल डब्याचं झाकण ठेवलं होतं.

काका हिवाळ्यात गेले. बर्फ वितळतो न वितळतो तोच व्हर्लिन दारात हजर. टोपी हातात, नजर भिंतीवरच्या किल्लीवर.

"अर्डिस, क्लबच्या फाटकाची किल्ली तेवढी दे. सात नंबरचा बाक आता रिकामा धरावा लागेल."

"रिकामा कसा? मी आहे की."

"तू पाहुणी होतीस गं. लोवेलची. आता लोवेलच नाही म्हटल्यावर..."

"म्हटल्यावर मी कुणाची पाहुणी? देवाची?"

त्या बाकाच्या मागे घडीची खुर्ची टाकून काकू प्रत्येक शनिवारी बसत आली होती. काकांनंतर तिच्याकडे तेवढाच एक शनिवार उरला होता. व्हर्लिनना तो बाक जावयासाठी हवा होता. जावई विकतची काडतुसं आणतो हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त बोलत कुणी नव्हतं.

"नियम काय आहे?" काकूने विचारलं.

व्हर्लिननी घसा खाकरला. मेलेल्या सभासदाचा बाक घरच्या माणसाला मिळतो, पण त्याने स्वतः भरलेली काडतुसं आणायची, दारू कुठली ते सगळ्यांसमोर मोठ्याने जाहीर करायचं आणि वार्षिक सामन्यात शेवटचा मेंढा पाडायचा.

"मग किल्ली सामन्यानंतर ने," काकू म्हणाली आणि त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही. आमच्या गावात हे युद्ध पुकारण्यासारखंच आहे.

सामन्याच्या आधी एका दुपारी मी तिच्या गॅरेजमध्ये गेलो. ती काटा लावून लाल दारू मोजत होती. टेबलावर एकच डबा, हा नियम ती झोपेतही मोडणार नाही. डब्यातली दारू संपली तशी तिने मापाचं भांडं पुरतं रिकामं केलं, ब्रशने झाडलं, लाल डबा कपाटात बंद केला. मग दुसऱ्या कपाटातून निळा डबा काढला.

मी उठून उभाच राहिलो. "काकू! काकांच्या गॅरेजमध्ये निळा?"

"ओरडू नकोस टॉरी, शेजारी काय म्हणतील. दुकानात कित्येक महिने लाल आलेलंच नाही."

"अगं पण काकांना कळलं असतं तर?"

"तुझ्या काकांचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांची काडतुसं कोण भरत होतं? दुकानात जो डबा असेल तो मी आणायचे. ते बार काढायचे आणि म्हणायचे, 'बघ अर्डिस, याला म्हणतात लाल!' मी म्हणायचे, हो, याला म्हणतात लाल. संसार असाच चालतो बाबा."

"आणि फरक?"

तिने चष्मा वर केला. "पहिल्यांदा निळा आणला तेव्हा मीही घाबरले होते. म्हणून लाल डब्यावरच्या नंबरला फोन केला. एक माणूस म्हणाला, 'नमस्कार, मी कर्टिस.' त्याला माझ्या काडतुसाला किती दारू घालायची ते माप विचारलं, लिहून घेतलं. मग निळ्या डब्यावरच्या नंबरला फोन केला. तर म्हणतो, 'नमस्कार, मी कर्टिस.'"

"तोच?"

"तोच. मागे त्याचा तोच कुत्रा भुंकत होता. म्हटलं, काय रे हे? तर तो म्हणाला, बाई, दारू एकच आहे. पहिल्यापासून एकच. एका पिंपातून दोन डब्यांत जाते. कुणी विचारलं की आम्ही सांगतो. पण तुमच्या भागातून अजून कुणी विचारलेलं नाही."

कोण विचारणार? मडी फोर्कमध्ये पुरुष माणूस डब्यावरच्या नंबरला फोन करत नाही. तो गाडीही रस्ता विचारायला थांबवत नाही. दोन पक्ष, दोन किटल्या, गाडीत बसून काढलेलं एक अख्खं लग्न, आणि यातल्या एकालाही फोन उचलावासा वाटला नाही. मला इतका संताप आला की मी कपाटाला लाथ घातली.

"दारूच्या कपाटाला लाथ घालू नये," काकू म्हणाली.

सामन्याच्या दिवशी तिने सगळ्यांसाठी हकलबेरीचा, म्हणजे आमच्या डोंगरातल्या जांभळ्या रानफळाचा, केक आणला होता. तिचा नंबर येईपर्यंत एकच मेंढा उभा राहिला होता. जावयाने त्याला दोनदा 'टण्' केलं होतं. काकू सात नंबरला उभी राहिली. व्हर्लिननी विचारलं, "दारू?"

"दोन्ही."

"म्हणजे?"

"तीन काडतुसं लाल डब्यातली, तीन निळ्यातली. माप एकच, कारण दारू एकच आहे. खात्री नसेल तर फोन करा, कर्टिस म्हणून माणूस आहे."

हॉइट खुर्चीतून उठला. "इथे 'दोन्ही' असं काही नसतं! बाई, तुम्ही माझ्या निळ्याला लाल म्हणताय?"

"मी व्हर्लिनच्या लालला निळंही म्हणतेय. तेवढाच न्याय."

"बाई दुःखात आहे," व्हर्लिन हळूच म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. "मारू दे तिला. लागतंय कशाला."

पहिली गोळी मेंढ्याच्या पायाशी धूळ उडवून गेली. कुणीतरी हसलं. काकूने श्वास सोडला, चष्मा सारखा केला आणि दुसरी सोडली. 'टण्' झालं. मेंढा जरा विचारात पडल्यासारखा डुलला आणि आडवा झाला.

मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग माझ्याही लक्षात आलं की बाकी सगळे एकमेकांकडे बघतायत. लाल निळ्यांकडे आणि निळे लालकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच! व्हर्लिन हॉइटजवळ गेले, दोघांनी डोकी जुळवली, आणि हॉइटने चक्क लालच्या किटलीतली कॉफी घेतली. मग ठराव झाला, एकमताने. दारू रीतसर जाहीर झाली नाही, म्हणून बार झाला नाही. बार झाला नाही, म्हणून मेंढा पडला नाही. दोघे जण जाऊन त्याला उभा करून आले.

"मग तो उभा करायला का गेलात?" मी विचारलं.

"तू गप रे," हॉइट म्हणाला. तोंडात केक होता.

बाक जावयाला मिळाला. काकूने किल्ली व्हर्लिनच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली आणि खुर्चीची घडी करून काखेत मारली. गाडीत ती एवढंच म्हणाली, "रडत नाहीये मी. मला राग आलाय."

म्हणून हा अर्ज.

मडी फोर्क क्लबच्या माननीय समितीस विनंती करण्यात येते की, शनिवारी पडलेला मेंढा पडला असल्याची नोंद घ्यावी आणि सात नंबरचा बाक किल्लीसह श्रीमती अर्डिस यांस द्यावा. ते शक्य नसल्यास सदर मेंढ्यास समक्ष बोलावून त्याच्या अंगावरील चिखलाबाबत खुलासा मागवावा. तेही शक्य नसल्यास, त्या दिवशी सात नंबरवर काहीच घडले नाही हे समितीचे म्हणणे मान्य करून, त्यानिमित्ताने खाल्लेला हकलबेरीचा केक सर्व सभासदांनी श्रीमती अर्डिस यांस मूळ स्थितीत, अखंड आणि गरम परत करावा, ही विनंती.