पुसलेल्या फाइली

"भाऊ, फोर-के एडिटिंगले बत्तीस जीबी रॅम लागते," अकोल्याचा दुकानदार म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी शालिकरामची बायको दीपमालाही हेच म्हणाली होती. ती त्यांच्या शेवंतीच्या मळ्याचे व्हिडिओ बनवायची. "फुलं दाखवाले एवढं काहून?" म्हणत शालिकरामनं आठ जीबीचाच लॅपटॉप घेतला. तो सारखा अडकायचा, डिस्कही लगेच भरायची. मग ती व्हिडिओ कमी क्वालिटीत लहान करून ठेवायची आणि जागेसाठी मूळ फाइली पुसायची.

आता तिच्या वर्षश्राद्धाला तेच व्हिडिओ जोडून दाखवायचे होते. दुकानदारानं नव्या लॅपटॉपला तिचा पेनड्राइव्ह लावला. मळ्यात बोलणारी दीपमाला धुरकट दिसली.

"साफ नाही होत?"

"मूळ फाइलच नाही, भाऊ. लॅपटॉप काय करते?"

शालिकराम स्क्रीनजवळ सरकला.

"अशीच चालू दे जराशी."