कर्णधाराला विश्रांती

परदेश दौऱ्यावर आपला संघ दोन कसोटी हरला आणि तिसरीतून निवड समितीने कर्णधारालाच बाहेर बसवलं. वगळलं म्हणाले नाहीत, ‘विश्रांती दिली’ म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

माझं सलून आहे. टीव्ही आरशाच्या वर, त्यामुळे माझा एक डोळा सामन्यावर आणि एक गिऱ्हाइकाच्या गालावर असतो.

"विश्रांती कसली?" बँकेतल्या साहेबांची दाढी करता करता मी ओरडलो. "चेंडू दिसत नाही त्याला! सरळ तोंडावर सांगा ना, बाबा रे, तुझं वय झालं, आता घरी बस! एवढी कसली भीड?"

"अहो, हनुवटी!" साहेब कळवळले. मी तुरटी शोधायला लागलो. सकाळपासून तिला उसंत नव्हती.

शेजारच्या खुर्चीवर माझी मुलगी काम करते. तिच्यासाठी बाकावर तिघं ताटकळत होते, माझ्यासाठी कोणी नाही. माझ्या खुर्चीवर उजेडच कमी पडतो, त्याला मी काय करणार?

साहेब गेल्यावर मी बाकावरच्या पहिल्याला बोलावलं. त्याने पेपरात तोंड खुपसलं.

मुलीने माझ्या हातातला वस्तरा अलगद काढून घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "बाबा, तुम्ही आता निवांत मॅच बघा. जरा विश्रांती घ्या."

मी बाकावर जाऊन बसलो. टीव्हीवर कर्णधार खांद्यावर टॉवेल टाकून राखीव खेळाडूंत बसला होता. मी माझ्या खांद्यावरचा टॉवेल गुपचूप काढून ठेवला.