चीर कुठाय?

मी सखाच्या काळजातली झडप बोलतेय. सखा म्हणजे रोह्याजवळच्या गावात भात आणि वाल पिकवणारा म्हातारा. काळजातून अंगभर जाणाऱ्या रक्ताच्या वाटेवरचं दार म्हणजे मी. तीन पाकळ्या, दिवसरात्र उघडमीट. सखा आईच्या पोटात होता तेव्हापासून मी कामावर आहे. त्याच्या लग्नातही मला सुट्टी नव्हती, उलट त्या दिवशी जादा काम पडलं.

म्हातारपणी माझ्यावर चुना धरला, पाण्याच्या बंबाला धरतो तसा. मी जेमतेम किलकिली व्हायचे. सखाला धाप लागे. "वय झालं," म्हणून तो बसून राही. मग एका सकाळी वालाच्या शेंगा तोडताना तो चक्कर येऊन आडवाच झाला. बायको हौसाने त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर सुनीती म्हणाल्या, "काका, झडप बदलली नाही तर जिवाला धोका आहे. एक तर छाती उघडायची, जुनी झडप कापून काढायची नि नवी शिवायची. नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळीने नवी झडप न्यायची नि जुनीच्या आतच उघडायची. जुनी तिथंच चेपून बसते."

एकात मी कचऱ्यात, दुसऱ्यात घरातच!

"छाती फाडा," सखा म्हणाला.

"अवो!" हौसा ओरडली.

"तुला नाय कळायचं गो. काळुरामला बघ."

काळुराम शेजारी. त्याचं बायपास झाल्यापासून प्रत्येक हळदीला तो सदऱ्याची बटणं सोडतो आणि छातीवरची चीर दाखवतो. पोरं जेवण सोडून बघतात.

"आनि मी काय लोकांना जांघ दावू?" सखा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी हसू आवरलं. "वय कमी असतं तर मीच उघडून करू म्हटलं असतं. तशी बसवलेली झडप किती टिकते याचा अनुभव जास्त वर्षांचा आहे. नळीने बसवलेली कधी कडेने थोडी गळते, कधी पेसमेकर लागतो. पण तुमचं वय अठ्ठ्याहत्तर, फुप्फुसं कमजोर. तुम्हाला नळीच बरी."

सखा हटेना. शेवटी हौसा म्हणाली, "घ्या मोठी चीर. नि तुमीच नाय ऱ्हायलात, तर ती दावंल कोन? काळुराम?"

सखाने छातीवरून एकदा हात फिरवला नि पुटपुटला, "नळी घाला."

नवी पाहुणी मिटलेल्या छत्रीसारखी आली, फटकन उघडली, आणि मी भिंतीला चिकटले. माझं काम तिने उचललं. सखाचा श्वास मोकळा झाला.

घरी आल्यावर काळुराम हजर. "चीर कुठाय?"

सखाचा हात लेंग्याच्या नाडीकडे गेला.

"नाडीला हात लावाल तर बगा!" हौसा गरजली.

"मंग ऑपरेशन झालं कशावरून?" म्हणत काळुरामने सरळ सखाच्या छातीला कान लावला. ऐकत राहिला. हळूच त्याने सखाच्या पाठीवरून हात टाकला. "चालतंय रं," म्हणाला, आणि सोडेचना. कान तसाच छातीला.

"आता सोडा, च्या निवतोय," हौसा पदराने डोळे पुसत म्हणाली.

वाचकहो, धाप लागली, चक्कर आली, तर वयावर ढकलू नका, डॉक्टरला दाखवा. आणि एका बाजूने पाहुणी, दुसऱ्या बाजूने हा कान, मधे मी चेपतेय. काळुरामला कुणीतरी सांगा हो, जरा सरक म्हणावं!