नखाएवढी फट

मित्रांनो, टोकियोतल्या फुनाबोरीत एका छोट्या दुमजली घराच्या दाराशेजारी लटकणारा मी एक जुना दिवा आहे. माझी काच आता पिवळट झाली आहे, पण नजर अजून शाबूत आहे.

माझा जन्म ओसाकाच्या एका लहान कारखान्यात झाला. काचेच्या टोपीखाली मला एक बारीक डोळा बसवला आहे. अंधारात कुणी जवळ आलं की त्याला कळतं आणि मी लागतो. माणूस गेला की विझतो. रात्रभर उगाच जळत बसणं माझ्या स्वभावात नाही, आणि याच गुणामुळे २०११ साली माझा भाव वधारला. मार्चमध्ये मोठा भूकंप झाला होता. विजेची टंचाई होती, गल्लीतले निम्मे दिवे बंद असत.

अशा अंधारात घरच्यांना धीर वाटावा म्हणून विश्वजितने मला विकत आणलं. तो पुण्याचा इंजिनिअर, कामाला कावासाकीत. घरी बायको शमा आणि शाळेत जाणारी सलोनी. भूकंप झाला तेव्हा शमा घरात एकटी होती. तेव्हापासून तिने पळायची वेळ आलीच तर हाताशी असावी म्हणून दारामागे एक पिशवी भरून ठेवली होती, आणि भांडं वाजलं तरी तिचा हात त्या पिशवीकडे जाई.

विश्वजितने मला मोठ्या हौसेने भिंतीवर चढवलं. पुण्यात विटांच्या भिंतीत भोक पाडायचं, त्यात प्लग ठोकायचा आणि मनगट दुखेपर्यंत स्क्रू पिळायचा, हे त्याला वडिलांनी शिकवलेलं. इथली भिंत मात्र बाहेरून व्हायनिलच्या लांब पट्ट्यांची होती. सायडिंग म्हणतात तिला. त्याने पट्टीतून आरपार आतल्या लाकडात स्क्रू घातले आणि असे आवळले की मी तसूभरही हलेना. तो खूश झाला. खरं सांगायचं तर मीही फुशारलो होतो.

मे महिन्यात ऊन तापू लागलं आणि रोज दुपारी भिंतीतून 'टक्, टक्' असा आवाज येऊ लागला. शमा पिशवी उचलून बाहेर धावे. भूकंपानंतरचे लहान धक्के तेव्हा खरोखरच बसत होते, मग खरा कुठला आणि खोटा कुठला हे तिला कसं कळावं? तिची झोप उडाली. एका संध्याकाळी ती विश्वजितला म्हणाली, "मला नाही रे जमत आता. शाळेला सुट्टी लागली की मी सलोनीला घेऊन पुण्याला जाते. कायमची."

तिकिटं बघतो म्हणाला तो, आणि ताटावरून उठला. त्या रात्री तो कितीतरी वेळ माझ्याखाली उभा होता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दुपारी पुन्हा आवाज झाला. शमा बाहेर आली, तर शेजारच्या ओकुबो-सान शांतपणे कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांच्या बादलीतलं पाणी जराही हललेलं नव्हतं. शमा थबकली. इतक्यात तिच्या डोक्याजवळच 'टक्' झालं. तिने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीवर हात फिरवत माझ्यापर्यंत आली. माझ्या बाजूची पट्टी फुगून वर आली होती. मित्रांनो, तिची झोप उडवणारा भूकंप मीच होतो!

व्हायनिल उन्हात पसरतं आणि थंडीत आक्रसतं, म्हणून त्या पट्ट्या मुळातच सैल टांगलेल्या असतात. त्यांना सरकायला जागा लागते. मी त्यातली एक खिळवून धरली होती, आणि ती बिचारी रोज दुपारी धडपडत होती.

रविवारी विश्वजितने मला उतरवलं. पट्टीत मोठं भोक कापून आतल्या लाकडावर एक प्लास्टिकची बैठक बसवली. बैठक आणि पट्टी यांच्यामध्ये चहूबाजूंनी नखाएवढी फट ठेवली, आणि मग मला त्या बैठकीवर बसवलं. दुपार झाली. दोघं अंगणात ऊन खात बसून राहिले. भिंत गप्प होती.

"इतकं घट्ट धरलंस तर आवाज होणारच," शमा म्हणाली. मग विश्वजितने इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "तिकिटं काढायची ना?"

"काढ," ती म्हणाली. "जायची काढ, आणि यायचीही."

सुट्टीत त्या गेल्या. माझ्या काचेवर कोळ्याने जाळं विणलं. विश्वजित उशिरा येई आणि मान खाली घालून आत जाई. मला पुसायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. मग ऑगस्ट सरताना एका संध्याकाळी गल्लीत बॅगेच्या चाकांची खडखड ऐकू आली. सलोनी "तादाइमा" म्हणत पुढे पळाली. घरी परतलेला माणूस इथे असंच म्हणतो. मी झटकन लागलो. शमा माझ्याखाली थांबली, ओढणीच्या टोकाने तिने माझ्यावरचं जाळं पुसलं आणि आत गेली.

त्यानंतर खरे धक्केही पुष्कळ बसले, पण भिंत टिकली आणि मीही. मित्रांनो, दाराबाहेरच्या दिव्याला अधूनमधून पुसत जा. आणि त्याला भिंतीवर लावाल तेव्हा पक्का लावा, पण भोवती नखाएवढी जागा सोडा. ती सोडली म्हणूनच मला रोज संध्याकाळी या घरात तिघांची पावलं ऐकू येतात.