या सायकलीवर कोण बसलंय?

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. रस्त्यावर पांढरी सायकल रंगवलेली असते ना, ती माझ्यातून निघते. लोक मला कौतुकाने सायकल म्हणतात, पण खरं सांगू? मी नुसतं सायकलच्या आकाराचं भोक आहे. भोवतीचा पत्रा एका मोडीत निघालेल्या पाण्याच्या टाकीचा आहे.

माझा जन्म मोहन्यात, सीताराम पेंटरच्या ओट्यावर झाला. सीताराम पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या आणि तो एका ठेकेदाराकडे रस्त्यावरचे पट्टे मारू लागला. पालिकेने शाळा-कॉलेजच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा करायचं ठरवलं, तेव्हा हे काम त्याच्याकडे आलं. दोन दिवस छिन्नी चालली. चाकांमधला पत्रा गळून पडू नये म्हणून त्याने मध्ये बारीक पट्ट्या ठेवल्या आणि कडा कानशीने घासल्या. त्याची मुलगी रचना तेव्हा अकरावीत होती. ती वाकून बघत म्हणाली, "पप्पा, हिला घंटी कुठाय?" पालिकेने दिलेल्या नकाशात घंटी नव्हती. तरी सीतारामने हँडलपाशी हरभऱ्याएवढं भोक पाडलं.

त्या रस्त्यावर मी एकतीस वेळा आडवा झालो. दर वेळी सीताराम मला हळूच उचलायचा आणि खाली कोरी करकरीत सायकल उमटलेली असायची. उद्घाटनाला आलेले पाहुणे दहा पावलं सायकल चालवून, फोटो काढून, गाडीत बसून निघून गेले. मला मात्र त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. आठवडाभरातच माझ्या सायकलींवर कुणी मोटार लावली, कुणी भाजीची पाटी मांडली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तितकेही धड भरले नाहीत.

रचना मात्र रोज त्याच पट्ट्यावरून कॉलेजला जायची. आई काळजी करू लागली की म्हणायची, "पप्पांच्या सायकली आहेत तिथपर्यंत मला टेन्शन नाही गं." हे वाक्य मला फार आवडायचं. त्यातलं 'तिथपर्यंत' मी कधी नीट ऐकलंच नाही.

एकतिसावी सायकल शेवटची होती. पुढे त्र्यंबककाकांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाचा कोपरा होता. तिथे गाड्या उभ्या राहतात म्हणून कागदावर पट्टा कोपऱ्याआधीच संपवला होता. कागदावर होतं तसं सीतारामने रंगवलं. जानेवारीतल्या एका मंगळवारी रचना एकतिसाव्या सायकलीपर्यंत आली. पुढे गाड्यांची रांग होती, म्हणून ती बाहेरच्या बाजूला वळली आणि टेम्पोने तिला उडवलं. जीव वाचला, पण डावा पाय दोन ठिकाणी मोडला.

"मीच तिला तिथवर नेऊन सोडली," एवढंच सीताराम कितीतरी दिवस म्हणत होता. माझं पुढचं चाक त्या कोपऱ्याकडेच तोंड करून होतं. मलाही फार अपराधी वाटत होतं.

मग पालिकेने जाहीर केलं की सायकलींचे पट्टे अधिक सुरक्षित करायचे आहेत, नागरिकांनी शाळेच्या हॉलमध्ये येऊन बोलावं. सीताराम मला काखोटीला मारून गेला. सोबत त्याची बायको भीमाबाई होती. पट्टा कोपऱ्यावरून पुढे न्यायचा विषय निघताच त्र्यंबककाका उठले. "म्हणजे गिऱ्हाइकाने गाडी काय डोक्यावर घेऊन यायची?" सगळे हसले. सीताराम मला नुसता वर धरून उभा राहिला.

भीमाबाईने मला त्याच्या हातातून घेतलं. "साहेब, या सायकलीवर कोण बसलंय?"

साकेत नावाचे तरुण इंजिनिअर गोंधळले. "कोणीच नाही, मावशी. चिन्ह असंच असतं."

"म्हणून तर तिच्यावर गाड्या लावतात. माझी पोरगी बसलेली हो तिच्यावर."

मग कुणी हसलं नाही. साकेतसाहेबांनी नकाशावर कोपऱ्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'प्रस्तावित'. मित्रांनो, प्रस्तावित म्हणजे होणार असंही नाही आणि होणार नाही असंही नाही.

पाच महिने ती रेघ कागदावरच राहिली. रचनाची काठी सुटली, पण सायकलला ती हात लावीना. शेवटी सीतारामने छिन्नी काढली. रचनाला स्टुलावर बाजूने दिसेल असं बसवलं आणि तिच्याकडे बघत बघत माझ्या वरच्या कोऱ्या पत्र्यात एक मुलगी कोरली. वेणीसकट! दुखलं मला, पण आनंदही झाला. माझी सायकल आता रिकामी नव्हती.

एका रविवारी दुपारी त्याने घरचा रंग नेऊन ती त्या कोपऱ्यावर उमटवली. "अरे, परमिशन आहे का?" त्र्यंबककाकांनी दुकानातून विचारलं. सीताराम उत्तर देणार, इतक्यात एक टेम्पो आला आणि ओल्या मुलीवरून सरळ निघून गेला. वेणीवर टायरची नक्षी उठली.

"अहो, पोरीला पुन्हा रस्त्यात टाकलीत!" भीमाबाई ओरडली.

सीतारामचा चेहरा मला बघवेना. मी भिंतीला टेकून होतो. भोकाने तोंड लपवावं तरी कुठे? त्याने वेणी पुन्हा रंगवली. मग उठला आणि चित्रापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. हॉर्न वाजले, शिव्या आल्या. गाड्या त्याला वळसा घालून जाऊ लागल्या. बऱ्याच वेळाने त्र्यंबककाका बाहेर आले आणि कोपऱ्यावर लावलेली आपली स्कूटर ढकलत मागच्या गल्लीत घेऊन गेले. रंग वाळायला अर्धा तास पुरतो. सीताराम दिवेलागणीपर्यंत उभा होता.

आता मी दारामागे टांगलेला असतो. कोपऱ्यावरची मुलगी पुसट होत चाललीय. पाय गेले, वेणी तेवढी उरलीय. पट्ट्याची फाइल कुठल्या तरी टेबलावर आहे म्हणतात. रचना पुन्हा सायकल चालवते, पण एकतिसाव्या सायकलीपाशी उतरते, कोपरा चालत पार करते आणि पुढे गेल्यावर पुन्हा सायकलवर बसते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. रस्त्यावर माझ्या जुन्या सायकलींसारखी रिकामी सायकल दिसली, तर तिच्यावर कोणीतरी बसलंय असं समजा आणि चाक जरा बाजूने घ्या. एवढं कराच. सीताराम रोज तिथे उभा राहू शकत नाही.